खिडकीच्या पलीकडे

आमच्या प्राचार्यांना वर्षातून दोन वेळा मराठीची आठवण होते. एकदा २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन साजरा करायचा असतो तेव्हा. आणि दुसऱ्यांदा, एखाद्या इंग्रजी कागदाला मराठी अंगरखा चढवायचा असतो तेव्हा. यंदा जूनमध्ये त्यांचा शिपाई मला बोलवायला आला, तेव्हा फेब्रुवारी केव्हाच मागे पडला होता. काम अंगरख्याचेच असणार हे मी जिना चढता चढताच ओळखले.

तसेच निघाले. आमच्या संगणक विभागात विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला एक नवा विषय सुरू व्हायचा होता. त्याचे नाव ‘सर्व्हर-साइड वेब प्रोग्रॅमिंग’. “मुलं खेड्यापाड्यांतून, मराठी शाळांतून आलेली असतात,” प्राचार्य म्हणाले, “पहिल्याच दिवशी इंग्रजी पत्रक हातात पडलं की बिचकतात. तुम्ही एक पानभर मराठी परिचय लिहून द्या. म्हणजे त्यांना धीर येईल.”

मुलांना धीर येण्यासाठी आधी मला तो यायला हवा होता. मी घरी येऊन कोश काढला. ‘सर्व्ह’ म्हणजे सेवा करणे, तेव्हा ‘सर्व्हर’ म्हणजे सेवक. ‘साइड’ म्हणजे बाजू किंवा पक्ष. रात्री जेवणे आटोपल्यावर मी पाटीवर गणित सुटल्याच्या आनंदात ‘सेवकपक्षीय जाल-आज्ञावली-लेखन’ असे मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या सौभाग्यवती कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, “कुठल्या कामगार संघटनेचं नाव आहे हे?”

त्यानंतर मी कोश मिटला आणि ठरवले, की ज्या वस्तूचे बारसे करायचे ती वस्तू आधी डोळ्यांनी पाहावी. दुसऱ्या दिवशी हा विषय शिकवणाऱ्या बाईंना गाठले आणि त्यांच्या पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर बसण्याची परवानगी मागितली. बाई तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. हसून म्हणाल्या, “या की सर. पण मी मध्येच प्रश्न विचारते हं.”

चाळिशी उलटलेल्या माणसाने शेवटच्या बाकावर बसण्यात एक निराळीच गंमत आहे. वीस वर्षे ज्या बाकावर आपण डोळे वटारत आलो, तो बाक इतका आरामशीर असतो हे आपल्याला माहीतच नसते. शेजारच्या मुलाने मला पाहून हातातला मोबाइल घाईघाईने खिशात घातला. मी त्याला अभय दिले.

मला वाटले होते, बाई आल्याबरोबर यंत्र सुरू करतील. त्यांनी ते केले नाही. फळ्यावर खडूने एक चौकोन काढला आणि त्यात चार गज ओढले. “ही खिडकी,” त्या म्हणाल्या. “तिकिटाची म्हणा, बँकेची म्हणा. तुम्ही आजवर जे वेब शिकलात ते सगळं खिडकीच्या या बाजूचं. पान कसं दिसावं, बटण कोणत्या रंगाचं असावं, दाबलं की काय हलावं. ते सगळं गिऱ्हाइकाच्या हातातल्या यंत्रावर घडतं. आता आपण खिडकीच्या पलीकडे जाऊन बसायचं. इकडून चिठ्ठी येते. ती वाचायची, कपाटातली वही काढायची, हिशेब करायचा आणि उत्तर लिहून परत सरकवायचं. पलीकडे बसलेला हा जो कोणी, तो सर्व्हर.”

मी वहीत ‘सेवकपक्षीय’ या शब्दावर काट मारली.

बाईंनी मग थोडा इतिहास सांगितला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा पाने छापील पुस्तकासारखी असत. ज्याने मागितले त्याला तेच पान. राम मागो की श्याम मागो, अक्षरात फरक नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संगणककेंद्रातून ‘सीजीआय’ नावाची एक रीत निघाली आणि मागणी आली की पान तयार करणारी आज्ञावली पलीकडे चालवता येऊ लागली. म्हणजे छापील पुस्तकाच्या जागी लेखनिक आला. पुढे रास्मुस लेर्डोर्फ नावाच्या गृहस्थांनी वेबवर ठेवलेली स्वतःची माहिती किती जण पाहून जातात हे मोजण्यासाठी काही छोट्या आज्ञावल्या लिहिल्या आणि १९९५ साली त्या सर्वांना खुल्या केल्या. त्यातून ‘पीएचपी’ ही भाषा वाढली. आपल्याकडे कोण डोकावून गेले हे जाणण्याची मनुष्यस्वभावातली हौस एवढी उपयोगी पडू शकते हे ऐकून मला आमच्या वाड्यातल्या काही मंडळींविषयी नव्याने आदर वाटू लागला.

“आता मला सांगा,” बाई म्हणाल्या, “पलीकडचा हा माणूस तुम्हांला ओळखतो का?”

कोणी हो म्हणाले, कोणी नाही म्हणाले. बाईंनी सांगितले, की मुळीच नाही. एक चिठ्ठी घेतली, उत्तर दिले, की तो तुम्हांला साफ विसरतो. दुसऱ्या क्षणी तुम्हीच पुन्हा चिठ्ठी सरकवलीत तरी त्याच्या लेखी तुम्ही नवे. वेबचा मूळ नियमच तसा आहे. मग आपण एकदा नाव सांगून आत शिरलो की पानामागून पान उघडत जाते, ते कसे?

या प्रश्नावर बाईंनी जो दाखला दिला तो माझ्या मनात कायमचा बसला. देवळाबाहेर चपला सांभाळणारा असतो. त्याच्यापुढून दिवसभरात हजारो पाय जातात. तो एकही चेहरा लक्षात ठेवीत नाही. तो तुमच्या हातात एक पत्र्याचा बिल्ला देतो. चपला त्याच्या फळीवर राहतात, बिल्ला तुमच्या खिशात. परत येताना बिल्ला दाखवलात की तो आकडा पाहतो आणि चपला काढून देतो. पलीकडचा सर्व्हरही असाच एक बिल्ला देतो. त्याला ‘कुकी’ म्हणतात, आणि १९९४ साली लू मोंटुली या तरुणाने नेटस्केप कंपनीत ती योजना काढली. तुमची माहिती सर्व्हरच्या फळीवर, तुमच्याकडे फक्त आकडा. “म्हणून बिल्ला हरवू नये,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या हाती पडला, तर तो तुमच्या चपला घालून जाईल. आणि चपलावाल्याला त्यात काही वावगं वाटणार नाही.”

मला आमच्या बाबांच्या कोल्हापुरी चपला आठवल्या. पण ती कथा निराळी.

बाई पुढे गेल्या, त्या परीक्षेवर. एखाद्या दुकानाच्या पानावर वस्तूंची बेरीज गिऱ्हाइकाच्याच यंत्रावर केली आणि तीच खरी मानली तर काय होईल? “विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिका घरी नेऊन, स्वतः तपासून, गुणही स्वतःच मांडून आणावेत, तसं होईल,” त्या म्हणाल्या. मुले हसली; मीही हसलो. अलीकडच्या बाजूला ज्या तपासण्या असतात, म्हणजे रकाना रिकामा राहिला, फोनचा आकडा कमी भरला, त्या केवळ सौजन्य म्हणून. गिऱ्हाइकाचा हेलपाटा वाचावा म्हणून. खरी तपासणी पलीकडेच झाली पाहिजे, कारण अलीकडचे सगळे अलीकडच्या माणसाला बदलता येते. या विषयाचे पहिले सूत्र त्यांनी फळ्यावर लिहिले : ‘खिडकीतून आलेल्या कशावरही विसंबू नका.’

परवलीच्या शब्दाविषयीही त्यांनी असेच काही सांगितले. तो सर्व्हरने जसाच्या तसा वहीत लिहून ठेवणे म्हणजे गावच्या सगळ्या किल्ल्या एका खुंटीला अडकवणे. म्हणून तो कुटून ठेवतात. खलबत्त्यात मिरची कुटली की तिची पूड होते, पण पुडीची पुन्हा मिरची होत नाही. पुढच्या वेळी तुम्ही शब्द सांगितलात की तो तसाच कुटायचा आणि पूड पुडीशी ताडून पाहायची. दोघांचा शब्द एकच असला तरी पूड एकसारखी होऊ नये, म्हणून प्रत्येकाच्या खलात निराळे ‘मीठ’ टाकतात. हा माझा शब्द नाही, त्या शास्त्रातच त्याला मीठ म्हणतात. हे मी घरी सांगितले तेव्हा या विषयाला आमच्या स्वयंपाकघरात प्रथमच मान्यता मिळाली.

इथवर मी एका कौतुकाने ऐकणाऱ्या पाहुण्यासारखा होतो. त्यानंतर बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “सर, आता तुमच्या विषयाकडे येते. अवतरणचिन्हाचा उपयोग काय?”

वर्गाने माना वळवल्या. मी उभा राहिलो आणि शिकवण्याच्या सवयीने सांगितले, की दुसऱ्याचे शब्द कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे त्या चिन्हावरून कळते. आतले त्याचे, बाहेरचे आपले.

“अगदी हेच,” बाई म्हणाल्या. “पलीकडच्या वहीला, म्हणजे डेटाबेसला, सर्व्हर एका वाक्यात हुकूम देतो. ‘अर्जदारांच्या वहीत अमुक नाव लिही.’ ते अमुक नाव एकेरी अवतरणचिन्हांत असतं. नाव तुमचं, हुकूम सर्व्हरचा. पण समजा, कोणी आपल्या नावातच ते चिन्ह लिहिलं, तर?”

मग यंत्राला वाटते की नाव तेथेच संपले. त्यापुढचे सगळे ते हुकूम म्हणून वाचू लागते. एखाद्या दुष्टाने त्या चिन्हापुढे ‘आणि सगळी वही फाडून टाक’ असे यंत्राच्या भाषेत लिहिले, तर वही फाटते. शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या वेळी आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले अशी कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. इतिहासकार त्या कथेचे काय करायचे ते करोत. पण कागदावरच्या हुकुमात परक्याचे अक्षर शिरले की काय होते हे मराठी माणसाला वेगळे शिकवायला नको. बाईंनी उपायही सांगितला. हुकूम आधी पुरता लिहून मोहोरबंद करायचा आणि नाव मागाहून निराळ्या पाकिटात पाठवायचे. पाकिटातले काहीही असो, ते नावच समजले जाते, हुकूम कधीच नाही. उपाय जुना आहे, सोपा आहे, आणि तरीही आळसाने तो न करणारे लोक आहेत.

“आणि गंमत पाहा,” बाई पुढे म्हणाल्या, “दुष्टाचं सोडून द्या. वसईकडे डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा अशी आडनावं असतात. इंग्रजीत लिहिताना ‘डी’च्या पुढे वरती हेच चिन्ह येतं. निष्काळजीपणानं लिहिलेल्या सर्व्हरपुढे असं नाव आलं, की नाव मध्येच तुटतं, उरलेल्या अक्षरांचा हुकूम यंत्राला कळत नाही, आणि ते कोलमडतं. मग समोरच्या पानावर एकच आकडा येतो. ५००.”

मी खाली बसलो. तो आकडा मी पूर्वी पाहिला होता.

२०१७ सालची गोष्ट. माझ्या वर्गात वसईकडची एक विद्यार्थिनी होती. नुकतेच बाईंनी सांगितले तसल्यांपैकीच तिचे आडनाव. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली, या दोन तारखांच्या मध्ये केव्हातरी तिच्या पूर्वजांना ते नाव मिळाले असावे. त्यातल्या ‘डि’चा अर्थ ‘चा’. आपल्या आडनावातल्या ‘कर’चा तो दूरचा भाऊच. नाव पोर्तुगीज आणि मुलीचे मराठी असे, की तिचे निबंध मी घरी नेऊन वाचून दाखवीत असे. तिला एम.ए. करायचे होते. वडील वाडीवर राबणारे; मागे दोन भावंडे. एका शिष्यवृत्तीवर सगळी भिस्त होती, आणि तिचा अर्ज वेबवरूनच भरायचा होता.

एके दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत आली आणि मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र तिने माझ्यापुढे धरले. पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन-तीन शब्द आणि ५०० हा आकडा. “सर, शेवटचं बटण दाबलं की हे येतं. पुन्हा पुन्हा येतं.”

माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी छायाचित्राकडे ओझरते पाहिले आणि म्हणालो, “अगं, नीट भर. तुझंच काहीतरी चुकत असेल. एवढं मोठं यंत्र का चुकेल?”

ती “बरं सर,” म्हणाली आणि गेली. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी तिने नावातले ते चिन्ह काढून टाकले आणि अर्ज विनातक्रार गेला. दोन महिन्यांनी तो नामंजूर झाला. कारण, अर्जावरचे नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळत नव्हते. तिने एम.ए. केले नाही. पुढे तिला एका कुरिअरच्या कचेरीत नोकरी लागल्याचे मला कळले. “लागली एकदाची,” असे म्हणून मी समाधान मानले.

तास संपल्यावर मी बाईंना हे सगळे सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आत पाहिल्याशिवाय खात्रीनं नाही सांगता येणार. पण चिन्ह काढल्याबरोबर अर्ज गेला ना? मग शंकेला फारशी जागा नाही. आणि एक गोष्ट तर खात्रीचीच आहे.”

त्यांनी पुसलेल्या फळ्यावर पुन्हा आकडे लिहिले. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक तीन अंकी आकडा पाठवतो. २०० म्हणजे सर्व ठीक. ४ पासून सुरू होणारे आकडे म्हणजे मागणाऱ्याच्या बाजूने काहीतरी चुकले : ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही, ४०३ म्हणजे आहे पण तुम्हांला मिळणार नाही. आणि ५ पासून सुरू होणारे आकडे म्हणजे चूक मागणाऱ्याची नव्हे, माझी, असे सर्व्हरने स्वतः कबूल करणे.

“म्हणजे ५०० या आकड्याचा अर्थ—”

“चूक आमच्याकडे झाली,” बाई म्हणाल्या.

वाचकहो, यंत्राने त्या पानावर आपला गुन्हा कबूल केला होता. साक्षीपुराव्यासह तो कागद माझ्यापुढे आला होता. आणि वीस वर्षे मुलांना ‘आधी नीट वाचा, मग अर्थ लावा’ असे बजावणाऱ्या मी तो न वाचताच फिर्यादीला दोषी ठरवून मोकळा झालो होतो. त्या संस्थेच्या आज्ञावलीत ते भोक कोणी ठेवले ते मला ठाऊक नाही. त्याला मी शोधून काढले असते तरी त्याच्याशी भांडण्याचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता. त्याने नाव अडवले; ते तिचेच पाप आहे असे मी तिला पटवून दिले.

‘खिडकीतून आलेल्या कशावरही विसंबू नका’ हे सूत्र मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा मनात घोळवले. यंत्रासाठी ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ समोरचा माणूस लबाड आहे असा नाही. उलट, नीट तपासणारा सर्व्हर कोणतेही नाव निर्धास्तपणे घेऊ शकतो, कारण त्याने आपल्या घराची कडी नीट लावलेली असते. ज्याची कडीच सैल, तो प्रत्येक पाहुण्याला बिचकतो. मी तर दोन्हीकडून चुकलो. ज्या यंत्राला तपासायचे त्याच्यावर विसंबलो, आणि ज्या मुलीला ओळखत होतो तिच्यावर विसंबलो नाही.

तिला फोन करायला मला पंधरा दिवस लागले. क्रमांक मिळायला एकच दिवस लागला होता. बाकीचे चौदा माझे.

“हॅलो, सर? तुम्ही? सगळं ठीक आहे ना घरी?”

मी ठीक आहे म्हणालो. तिचा मुलगा चौथीत गेला होता. मागे कोठेतरी कुकरची शिट्टी झाली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी म्हणालो, “अगं, तो शिष्यवृत्तीचा अर्ज आठवतो का? त्यात तुझी चूक नव्हती. त्यांच्या यंत्राची होती. मला आत्ता कळलं.”

ती जरा थांबली. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, “मला तेव्हाच माहीत होतं सर. मी सतरा वेळा भरला होता अर्ज. स्वतःचं नाव लिहायला कोण चुकतं? पण तुम्ही म्हणालात, म्हणून अठराव्यांदा भरला.”

मला काही सुचेना. तिनेच मला सावरून घेतले. “जाऊ द्या हो सर. आता काय त्याचं! यांचंही आडनाव तसलंच आहे ना, म्हणून मुलाच्या दाखल्यावर आम्ही ते चिन्ह घातलंच नाही. त्याला तरी पुढे त्रास नको.”

एखाद्या घराण्याचे नाव राज्ये बदलली तरी टिकते, आणि एका सैल कडीपायी घरच्या लोकांच्याच हातांनी खोडले जाते. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे एक मागणी घेऊन गेलो. मुलांच्या पहिल्या प्रात्यक्षिकात अर्ज स्वीकारणारे एक पान बनवायचे होते. त्यात चाचणीसाठी जी नावे भरायची त्यांत पहिले नाव वसईचे असावे, चिन्हासकट. बाईंनी ते तत्काळ मान्य केले आणि वर म्हणाल्या, “दुसरं नाव तुम्ही मराठीत सुचवा.” मी ‘कृष्णा’ सुचवले. मला वाटले, दोन अक्षरांचा सुटसुटीत शब्द. त्यांनी ते यंत्राला मोजायला लावले. यंत्राच्या मते त्यात सहा चिन्हे निघाली : क, ऋकाराची खूण, ष, हलन्ताची खूण, ण आणि काना. युनिकोडमध्ये देवनागरीच्या विभागाला १२८ घरे आहेत. त्यांतली ही सहा. आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या रीतीने साठवायला प्रत्येकी तीन बाइट, एकूण अठरा. इंग्रजी स्पेलिंगात तेच नाव सात बाइटांत मावते. इंग्रजी नावांच्या मापाने रकाने आखणाऱ्याने जर बाइट मोजून वीसाची मर्यादा घातली, तर कृष्णा जेमतेम आत येईल आणि ज्ञानेश्वराचे नाव वाटेतच कापले जाईल. व्याकरण शिकवताना ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या मुलांना द्यायला माझ्याजवळ आता एक उत्तर आहे.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी गेलो. पहिल्या अर्ध्या तासात वसईच्या नावापुढे बहुतेक सगळी यंत्रे कोलमडली. सगळीकडे ५००. मग मुलांनी हुकूम मोहोरबंद करून नाव पाकिटात घालायला सुरुवात केली, आणि एकेका पडद्यावर ते नाव चिन्हासकट उमटू लागले. शेवटच्या बाकावरचा माझा तो शेजारी ओरडला, “घेतलं सर, घेतलं!” बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

तरीही कधीतरी चूक होणारच, म्हणून ५०० च्या पानावर मराठी मजकूर हवा होता. तो मी लिहून दिला : ‘क्षमस्व. चूक आमच्याकडे झाली आहे. आपण लिहिलेली माहिती बरोबर आहे.’

बाईंनी वाचून तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवले. “सर, माहिती बरोबर आहे हे कोलमडलेल्या सर्व्हरला कसं कळणार? पहिली दोन वाक्यंच आपण खरेपणानं म्हणू शकतो.”

मी तिसरे वाक्य खोडले. ते यंत्राने म्हणायचे नव्हतेच. ते २०१७ साली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून, माझ्यासारख्याने म्हणायचे होते.

परिचयाचे पान मी त्याच रात्री लिहिले. त्याची सुरुवात अशी आहे : ‘या विषयात तुम्ही खिडकीच्या पलीकडे बसायला शिकाल. तेथून समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. फक्त त्याची चिठ्ठी दिसते. म्हणून बसण्यापूर्वी एकदा अलीकडच्या रांगेत उभे राहून पाहा.’

प्राचार्यांनी पान दोनदा वाचले. “छान आहे,” ते म्हणाले, “पण यात सर्व्हरला मराठी शब्द कुठे आहे?”

“सर्व्हर,” मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि सही केली.